मल्लूकाका आणि चमकणारी शाई

सोलापुरातल्या आमच्या शुक्रवार पेठेत मल्लूकाकांच्या घरी नवा साबण आला, तर तो आधी काकांच्या डाव्या हाताला लागतो. हात लाल झाला नाही, तरच तो मोरीत जातो. मलम, कलप, काकूंची पावडर, सगळ्यांचा निकाल त्या हातावर.

काकांची नोकरी चादरीच्या कारखान्यात, रंगखात्यात झाली. तिथं सगळं सूत रंगात बुडवण्याआधी एक लडी बुडवून बघत. काका रिटायर झाले, पण ती सवय गेली नाही. "आधी एक लडी, मग गठ्ठा," असं ते लग्नाच्या स्थळाबद्दलही म्हणतात. ते कसं जमायचं, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बीएस्सीला केमिस्ट्री घेतली एवढ्यावर काका मला 'शास्त्रज्ञ बाई' म्हणू लागले. उन्हाळ्यात ते एक छोटी बाटली घेऊन आले. अंधारात चमकणारी गोंदणाची शाई होती.

"बघा बाई, ही कातड्यात घातली तर चालंल का?"

"कुणाच्या?"

"तुमच्या काकूच्या."

काकूंना हल्ली काही आठवत नाही. लाइट गेली की त्या उठून चालू लागतात. एकदा बोळातल्या उघड्या गटारीत पडल्या आणि काका हाका मारत त्यांच्या शेजारून निघून गेले. काकूंनी ओ दिली नव्हती.

"चमकणारा पट्टा बांधला तर?" मी म्हटलं.

"बांधला की. काढून फेकती. कातडं कसं फेकंल?"

बाटलीवर आत काय आहे ते लिहिलंच नव्हतं. मी आमच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, असलं काही कातडीखाली घालणं सुरक्षित आहे असं खात्रीनं सांगता येत नाही, नकोच. मी चाचरत काकांना तसंच सांगितलं.

"खात्री न्हाय म्हंजे वाईट बी न्हाय की," काका म्हणाले, आणि स्वतःच्या हातावर एक ठिपका टोचून घेऊन आले. मग सोलापूरच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, गोधडीत डोकं घालून बसायचे. आतून आवाज यायचा, "चमकतंय, बाई. लई झ्याक."

पुढच्या आठवड्यात ठिपका सुजला. मग चिघळला. डॉक्टरांकडून आल्यावर काका ओट्यावर बसले होते. मी शेजारी टेकले.

"लई आग होती," ते म्हणाले. "पण मला सांगता तरी येतंय. तिला कुटं दुकतंय ते बी सांगता येत न्हाय. तिच्यात कसं घालू असलं?"

"मग लाइट गेल्यावर?"

"हात धरून बसायचं."

तेवढ्यात काकू खोबरेल तेलाची वाटी घेऊन बाहेर आल्या. काकांच्या समोर बसून सुजेच्या कडेकडेनं हलक्या बोटानं तेल लावू लागल्या.

"लई सुजलंय हो," त्या म्हणाल्या. "तुमच्या घरी बघायला कुनी न्हाय का?"

"हाय की," काका म्हणाले, आणि हात तसाच पुढं धरून राहिले.