ताशी तीसची आंतरराष्ट्रीय शर्यत

येत्या हंगामातल्या आंतरराष्ट्रीय मोटरसायकल शर्यतींपैकी एक फेरी आमच्या शहराच्या मुख्य रस्त्यावर घ्यायचे महासंघाने तत्त्वतः मान्य केले. तेव्हा नगरपालिकेने रीतसर समिती नेमली आणि सभांचा वृत्तांत लिहायला मला बोलावले. मी छापखान्यातून निवृत्त झालेला मुद्रितशोधक. मोटरसायकलमधले मला काही कळत नाही; पण मी सभेत तोंड उघडत नाही, एवढी पात्रता अध्यक्षांना पुरेशी वाटली.

मी नाहीच म्हणणार होतो. पण महासंघाच्या पत्रात एक कलम होते. रस्त्याच्या पाहणीला येणारा परीक्षक त्याच दिवशी एका स्थानिक चालकाची निवड करील आणि त्याला फेरीत थेट प्रवेश मिळेल. अर्ज एकच आला होता, माझ्या पुतणीचा. तिला घरात सगळे भिंगरी म्हणतात. दिवसा चष्म्याच्या दुकानात नोकरी आणि पहाटे मोटरसायकलचा सराव, अशी तिने सहा वर्षे काढली होती.

"काका, तुम्ही नुसते बसा तिथे," ती म्हणाली. "कुणी खुळ्यासारखं बोलायला लागलं की खाकरा."

पहिल्या सभेत रस्ता नवा करायचे ठरले आणि आश्चर्य म्हणजे तो खरोखरच झाला. दुसऱ्या सभेत वाहतूक अधिकारी चिंतेत दिसले.

"एवढा गुळगुळीत रस्ता पाहून लोक गाड्या सुसाट सोडणार. गतिरोधक हवेत."

"अहो, पण शर्यत?" अभियंत्याने विचारले.

"शर्यत एक दिवसाची. नागरिक बारा महिन्यांचे."

मी खाकरलो. चार किलोमीटरांत एकेचाळीस गतिरोधक मंजूर झाले.

ते बांधून झाल्यावर तिसऱ्या सभेत कुणाच्या तरी लक्षात आले, की त्यांवरून परदेशी पाहुणे हवेत उडतील. गतिरोधक काढावेत का? अभियंत्याने नियम वाचून दाखवला. गतिरोधक घालायला एक सही लागते. काढायला मात्र 'यापुढे येथे अपघात होणार नाही' अशी लेखी हमी लागते. हमी कोण देणार? सर्वांनी आपापल्या चहाच्या कपात पाहिले. शेवटी शर्यतीचा कमाल वेग ताशी तीस ठरला.

चौथ्या सभेत वाहतूक अधिकाऱ्यांनी नजरेस आणले, की रस्त्याच्या मधोमध सलग पांढरी रेघ आहे; म्हणजे पुढच्याला ओलांडून जाता येणार नाही. जो पहिला सुटेल तोच पहिला येईल. मग आधी कुणी सुटायचे? परवान्याच्या ज्येष्ठतेनुसार.

"मग शर्यत घ्यायची कशाला?" अभियंता पुटपुटला.

"निकाल आधीच लागलेला असला की गोंधळ होत नाही," अध्यक्ष म्हणाले आणि मला खोकल्याची गोळी दिली.

घरी भिंगरीने वृत्तांत वाचला. "काका, खाकरलात ना?"

"या खेपेला नऊ वेळा."

"आणि बोललात किती वेळा?"

मी चष्मा पुसत बसलो.

पाहणीच्या दिवशी रस्ता बंद ठेवण्याची परवानगी अजून टेबलावरच होती, त्यामुळे भिंगरीला सकाळी साडेनऊला भर रहदारीत चालवून दाखवावे लागले. परीक्षक, त्याचा दुभाषी, अध्यक्ष आणि मी चौकात उभे होतो. हेल्मेट, हातमोजे, वेग बरोबर तीस. सिग्नल लाल झाला. ती थांबली.

मागे भोंग्यांचा कल्लोळ उठला.

"ओ ताई, झोप लागली का?"

"सिग्नल लाल आहे."

"मग काय, इथेच संसार मांडणार?"

आणि डावीकडून, उजवीकडून, पदपथावरून शहर तिला वळसा घालून गेले. त्यातच समोरून, चुकीच्या बाजूने, एक गृहस्थ स्कूटरवर आले. पायांत गॅसचे सिलिंडर, मागे बायको, तिच्या मांडीवर पोर, खांदा आणि कान यांच्यात फोन. सगळे गतिरोधक चुकवत ते बस आणि ट्रकमधल्या दोन हातांच्या फटीतून निघून गेले. फोनवरचे वाक्य तुटले नाही.

परीक्षकाचे पेन खाली पडले.

"साहेब विचारताहेत, हे कुठल्या संघाचे?" दुभाषी म्हणाला.

"संघ कसला! कामावर चाललेत," अध्यक्ष म्हणाले.

"यांना भीती नाही वाटत?"

"कशाची?" अध्यक्षांनी मनापासून विचारले.

तासाभरात निर्णय आला. रस्ता उत्तीर्ण, संपूर्ण हंगामातला सर्वांत अवघड. थेट प्रवेश सिलिंडरवाल्या गृहस्थांना. भिंगरीच्या नावापुढे शेरा होता: 'चालक सिग्नलला थांबली. स्पर्धात्मक वृत्तीचा अभाव.'

तेव्हा मात्र मी बोललो. "अहो, ती नियमानं वागली, म्हणून..."

"वा, छान मुद्दा," अध्यक्ष म्हणाले. "वृत्तांतात घ्या."

भिंगरी हातमोजे काढत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "उशिरा सुचलं, काका."

एक आशा उरली होती. त्या गृहस्थांचा पत्ता कुणालाच ठाऊक नव्हता. सात दिवसांत ते हजर झाले नाहीत, तर जागा भिंगरीची. वर्तमानपत्रात जाहिरात देण्याचे काम माझ्याकडे आले. आयुष्यात पहिल्यांदाच मी अप्रामाणिकपणा केला: वर्णन अगदी बारीक टायपात, सातव्या पानावर, हरवले-सापडलेच्या खाली छापून घेतले. स्कूटर, सिलिंडर, बायको, पोर, फोन, चुकीची बाजू. वाटले, कुणाचे लक्ष जाते!

दुपारपर्यंत तीनशे बारा जण कचेरीत आले. प्रत्येकाचे म्हणणे एकच, 'तो मीच.' मी प्रत्येकाची कसून तपासणी केली. सगळ्यांचे वर्णन जुळले. भिंगरीचा अर्ज आता तीनशे तेरावा आहे, आणि खिडकीपाशी एवढी रेटारेटी आहे, की रांगेत उभी राहणारी तेवढी तीच.

मुदत संपायला अजून चार दिवस आहेत. तुम्हीही येऊन जा. कचेरीचा रस्ता एकेरी आहे. पण तुम्हाला जवळची वाट सांगायला नकोच.