गॅरेजातलं बाळंतपण

काल अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाला खोक्यात घालून कुरियरने गावोगाव पाठवणं तुम्हाला पटतं का?

मला पटत नाही. जीव म्हणजे जीव, तो काही टोस्टर नव्हे. बिघडला तर परत पाठवा, असं त्याच्याबाबत म्हणता येत नाही. मी हे आमच्या हॅमिल्टनमधल्या शेजाऱ्यांना, सोहोनीकाकांना, तावातावाने सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, आत गेले, पेला भरून आणला आणि म्हणाले, "आधी पाणी."

काकांकडे कुणीही आलं, कशासाठीही आलं, तरी आधी पाणी. ते तुम्ही पिईपर्यंत काका समोर उभे. एकदा घराचा विमा विकायला आलेल्या माणसाला त्यांनी दोन पेले पाजून परत पाठवलं होतं. त्याचं बोलणं राहूनच गेलं. काकांचं म्हणणं, प्रवासातून आलेला जीव, मग तो दोन पायांचा असो, चार पायांचा असो की पंखांचा, त्याला आधी पाणी दाखवायचं. खायला नंतर. मतं त्याहून नंतर.

काका पुण्याच्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. काकू गेल्यावर मुलीकडे, मृणालकडे, येऊन राहिले. मृणाल दूध पावडरीच्या कंपनीत इंजिनियर. सकाळी गाडी काढायची, संध्याकाळी आणून लावायची. मधल्या वेळात काका, टीव्ही आणि समोरचा रस्ता. हॅमिल्टनमध्ये रस्त्यावर गाड्या दिसतात, माणसं दिसत नाहीत. तेव्हा काकांनी मृणालच्या लॅपटॉपवरून कोंबडीची पिल्लं मागवली. शुद्ध शाकाहारी माणूस. अंड्याला हातही न लावणारा. "खायची कुणाला आहेत? सकाळी कुणीतरी हाक मारायला हवी," एवढंच म्हणाले.

माझा या पाठवापाठवीला विरोध असल्यामुळे मी एक पत्रक लिहिलं होतं, चांगल्या कागदावर छापूनही घेतलं होतं. काकांनी ते चष्मा लावून वाचलं. "भाषा जोरकस आहे. पण यात पाणी कुठे आहे?" म्हणाले. मग उरलेला गठ्ठा मागून घेतला. मला वाटलं, वाटणार. तर दुसऱ्या दिवशी परत आणून दिला. "कागद फार गुळगुळीत. पिल्लांच्या पायाखाली घातला तर पाय फाकतील गं. पुढच्या वेळी खरखरीत छाप."

सप्टेंबरात पहिलं खोकं आलं. काकांनी ते जमिनीवर ठेवलं आणि त्याला कान लावला. आयुष्यभर लोकांच्या लाइनी ऐकलेला कान. "मोठ्याने ओरडताहेत म्हणजे थंडी वाजतेय. कुजबुजताहेत म्हणजे मजेत. लाइन चालू आहे!" मग एकेक पिल्लू उचलून त्याची चोच हळूच पाण्यात बुडवली. एकदा चोच बुडवली की ते पाणी प्यायला शिकतं. उबेसाठी लाल दिवा लावला, खाली काकूंच्या जुन्या सुती साडीची घडी. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

त्यानंतर काकांनी धुरी दिली.

गॅरेजचं दार बंद, तव्यावर निखारे, त्यावर ओवा आणि बाळंतशेपा. "नवजात जीवाला शेक-शेगडी नको का?" पाच मिनिटांत घरातला धुराचा अलार्म किंचाळायला लागला, समोरच्या म्हाताऱ्या बाईंनी पाण्याचा पाइप उघडला, मी धावत जाऊन गॅरेजचं दार वर केलं, तर काका धुरातून ओरडताहेत, "वारा लागेल त्यांना! दार लाव!" दोन पिल्लं त्या धुरात गेली. काकांनी ती हातात घेऊन बराच वेळ कानाशी धरली. "या लाइनी गेल्या," म्हणाले. थंडीने आणखी काही गेली. जेमतेम तीन उरली.

मृणाल स्वयंपाकघर आणि गॅरेज यांच्यामधल्या दारात हाताची घडी घालून उभी राहायची. आत कधी पाऊल टाकायची नाही. "बाबा, अजून एकदा मागवा हवं तर. पण तीही गेली, तर बास. मला रोज सकाळी गाडी काढताना मेलेली पिल्लं मोजायची नाहीयेत. आणि तुमचा चेहरा बघायचा नाहीये."

काकांनी मान डोलावली. धुरीचा तवा पुसून माळ्यावर टाकला आणि ऑक्टोबरात दुसरं खोकं मागवलं.

खोकं गुरुवारी यायचं होतं. आलं नाही. शुक्रवारी दुपारपर्यंत आलं नाही. पुढे लेबर वीकएंड, म्हणजे सोमवारचीही सुट्टी. कुरियरचा डेपो आज बंद झाला की थेट मंगळवारी उघडणार. पिल्लाच्या पोटात अंड्यातला बलक दोन-तीन दिवस पुरतो. ही त्याची शिदोरी. त्यावरच ते एवढा प्रवास करतं. मंगळवारपर्यंत ती पुरणार नव्हती.

काकांनी मृणालला फोन केला. ती मीटिंगमध्ये. डेपोला फोन केला. तिथे रेकॉर्ड केलेली बाई, 'तुमचा कॉल आम्हाला महत्त्वाचा आहे' म्हणणारी. "हिला पाणी पाजायला हवं," काका पुटपुटले आणि फोन ठेवला.

मी सायकलवरून विद्यापीठातून परत येत होते, तेव्हा मुख्य रस्त्याच्या कडेने एक स्वेटर चालताना दिसला. स्वेटर, मफलर आणि पायात जँडल्स, इकडच्या रबरी चपला. पोटापाशी फुगवटा.

"काका! कुठे निघालात?"

"तेरापाला. डेपोत."

"अहो, तासाभराच्यावर चालत आहे ते! आणि हे पोटाशी काय?"

"गरम पाण्याची पिशवी. येताना खोक्याखाली लागेल." थांबलेसुद्धा नाहीत. "तू घरी जा गं. तुला तत्त्वतः मान्य नाही ना हे?"

गाड्या शेजारून सपासप जात होत्या. त्यातल्या एकाही गाडीला हा माणूस कुठे चालला आहे असा प्रश्न पडला नाही. माझं डोकं फिरलं. मी मृणालच्या ऑफिसच्या रिसेप्शनला फोन लावला आणि तिला मीटिंगमधून बाहेर काढा, तिचे वडील भर रस्त्यात चालत आहेत, असं ठणकावून सांगितलं. ती वीस मिनिटांत आली. सायकल खांबाला बांधून मी मागे बसले.

"बाबा, मोबाइलवर मेसेज तरी ठेवायचा!"

"तू कामात होतीस."

"म्हणून हायवेने चालत जाणार?"

"फुटपाथवरून चाललो होतो."

डेपोत पोचलो, तेव्हा एक उंच माओरी बाई शटर खाली ओढत होती. "किया ओरा! बंद झालं," तिने माओरीत नमस्कार करून सांगितलं आणि मग तिची नजर काकांच्या मफलरवर गेली. "थांबा. पिल्लंवाले तुम्हीच का?"

काकांनी बनियनच्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून पासपोर्ट काढला आणि दोन्ही हातांनी पुढे केला. बाई हसत सुटली. तिने आतून खोकं आणलं आणि लेबल आम्हाला दाखवलं. काकांनी या वेळी ऑर्डर करताना पत्ता पुण्याच्या पद्धतीने लिहिला होता. कोपऱ्यावरच्या डेअरीसमोर, म्हणजे आपल्या भाषेत वाणसामानाच्या दुकानासमोर, मोठ्या झाडाला लागून, निळ्या लेटरबॉक्सशेजारी, कोणालाही विचारा. या सगळ्यात लेबलवरची जागा संपली होती आणि घराचा नंबर आणि रस्त्याचं नाव छापलंच गेलं नव्हतं.

"कोणालाही विचारा, असं लिहिलंत ना? मी सगळ्यांना विचारलं," बाई म्हणाली. "कोणालाच माहीत नव्हतं. सकाळपासून माझ्या हीटरशेजारी बसून गप्पा मारतायत ही. आज घरीच घेऊन जाणार होते. पाणी मात्र द्यायला जमलं नाही, खोकं उघडायची परवानगी नाही आम्हाला."

मृणालने डोक्याला हात लावला. "बाबा! घराचा नंबर सोडून सगळं लिहिलंत!"

"पुण्यात नंबरावरून कोणाचं घर सापडलंय?"

गाडीत हीटर पूर्ण चालू, काचा बंद, आम्ही तिघं घामाने निथळतोय आणि काका मांडीवरच्या खोक्याला कान लावून बसलेले. एका सिग्नलला मृणाल हळूच म्हणाली, "गप्प का झाली ती?"

"दमलीत. ऐकू येतंय मला."

घरी आल्यावर काका गॅरेजमध्ये गुडघ्यावर बसले. पण दुपारच्या चालण्याने असो की धास्तीने, त्यांचे हात थरथरत होते. चोच पाण्यात बुडवताना पाणी नाकात जाऊन चालत नाही. दोनदा त्यांनी पिल्लू उचललं आणि परत ठेवलं. दारात मृणाल. हाताची घडी.

"तू धर," काका म्हणाले. "मी सांगतो."

ती आत आली, ऑफिसच्या कपड्यांतच जमिनीवर बसली आणि पहिलं पिल्लू उचललं. "एवढं हलकं?"

"तू याहून थोडीच जड होतीस. म्हणजे, असं म्हणतात." काका दिव्याकडे पाहत बोलत होते. "मला काय माहीत? तुझ्या आजोळी बाळंतिणीच्या खोलीत पुरुषांना सोडायचे नाहीत. मी तुला दारातूनच पाहिली. बारा दिवस ओसरीवर बसून होतो. आत शेक चालायचा, धुरीचा वास बाहेर यायचा. ती कशी देतात, किती देतात, कधी पाहिलंच नाही. वासच तेवढा ठाऊक. आणि आवाज. भूक लागलीय की पोट दुखतंय, मला बाहेरून कळायचं. पण सांगणार कुणाला? मला कोणी विचारायचं नाही."

मृणालच्या हातातलं पिल्लू पाणी पिऊन मान वर करत होतं. ती त्याच्याकडेच पाहत होती.

"खूप रडायचे मी?"

"भयंकर. पण आवाज अगदी क्लिअर."

ती हसली आणि हसताना तिने मनगटाने डोळे पुसले, कारण दोन्ही हात ओले होते. मग दुसरं पिल्लू उचललं. "हे कसं धरू, बाबा? असं?"

"अंगठा जरा वर. हां. अश्शी."

त्या खोक्यातली सगळी पिल्लं जगली. आता अंडी आम्ही खातो, काका वाटतात. पिल्लं कुरियरने पाठवायला माझा विरोध आजही तेवढाच आहे आणि नवं पत्रक लिहून तयार आहे. पण ते छापण्याआधी तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या रस्त्यावरून मफलर गुंडाळलेले कुणाचे तरी बाबा किंवा कुणाची तरी आई एकटी चालत जाताना दिसली, तर गाडी थांबवा. कुठे निघालात, असं विचारा. 'काही नाही, सहज पाय मोकळे करायला,' असं ते म्हणतील. त्यावर विश्वास ठेवू नका. दार उघडा आणि त्यांना जिथे जायचं आहे, तिथे घेऊन जा.