शिशाचं सील आणि चाटलेलं टर्किश डिलाइट

"लिही," काका म्हणाले आणि डोळे मिटून खुर्चीत मागे रेलले. "‘निसर्गाने डोळे सगळ्यांना दिले, नजर मात्र फार थोड्यांना दिली. प्रस्तुत तपास-अधिकारी त्या थोड्यांतले एक. त्यांच्या हातून आजवर एकही गुन्हेगार निसटलेला नाही.’ लिहिलंस?"

"एकही सापडलेलाही नाही," छकुली म्हणाली.

"ते लिहायचं नाही. पुढे. ‘तल्लख बुद्धी, पोलादी मनगट आणि वाऱ्यालाही चाहूल न देणारी चाल...’"

काकांच्या चपला अशा करकरायच्या, की तिसऱ्या मजल्यावर ते खुर्चीतून उठले तरी तळमजल्यावरच्या शिंप्याला कळायचं. छकुलीने वहीत लिहिलं: ‘बुधवार, सकाळी साडेसात. काका सुरू झाले.’

छकुली या नावावर कुणी जाऊ नये. बाईसाहेब सत्तावीस वर्षांच्या होत्या, दातांच्या दवाखान्यात मदतनीस होत्या आणि दवाखाना जवळ पडतो म्हणून काका-काकूंकडे राहत होत्या. काकांची सहायक व्हायला तिने कधी अर्ज केला नव्हता. एके दिवशी काकांनी तिच्या हातात वही दिली, एवढंच.

काका वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. चौतीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासले आणि तारेत ओवलेलं शिशाचं सील दाबून त्यांना पास केलं. निवृत्तीच्या दिवशी खात्याने त्यांचा शिक्का काढून घेतला. सील दाबायचा चिमटा, तारेचं भेंडोळं आणि शिशाच्या मण्यांची पिशवी मात्र नजरचुकीने घरी आली. ज्यांच्या नजरेतून काही सुटत नाही, त्यांची ही नजरचूक! मग चिमटा हातात आणि काम काही नाही, अशा अवस्थेत काका गुप्तहेर झाले.

आजवरची प्रकरणं दोन. एक, शिंप्याची हरवलेली कात्री. शिंपी तिच्यावरच बसला होता, हे त्याच्या बायकोने शोधलं. दुसरं, चौथ्या मजल्यावरचं बेपत्ता पायपुसणं. ते धुवायला टाकलं होतं. अख्खी इमारत त्यांना भिंगकाका म्हणायची आणि काकांना तो बहुमान वाटायचा. असतात अशी माणसं.

तिसरं प्रकरण मात्र घरातच उद्भवलं आणि ते काकूचं होतं, म्हणून छकुलीला त्याची चेष्टा करवत नव्हती.

काकूने तीस वर्षं शर्टांच्या कारखान्यात कॉलरी शिवल्या. हजारो माना तिच्या कॉलरींत ताठ झाल्या, पण त्यातल्या एकाही कॉलरीवर तिचं नाव नव्हतं. कारखाना सुटल्यावर तिने टर्किश डिलाइट, म्हणजे पिठीसाखरेत घोळवलेल्या त्या लुसलुशीत वड्या, करायचं मनावर घेतलं. का, ते तिने कुणाला सांगितलं नाही आणि काकांना ते विचारायचं सुचलं नाही. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या बाईंनी तिला एकदाच शब्द दिला होता: "शनिवारी अकराला एक खोकं घेऊन या. पसंत पडलं तर काउंटरवर बरणी ठेवीन, लेबलवर तुमचं नाव घालीन. नाही पडलं तर पुन्हा येऊ नका, मला नकार द्यायला आवडत नाही."

पहिला घाणा आळलाच नाही. घरातल्यांनी तो वाटीतून चमच्याने संपवला. दुसरा बुडाला लागला आणि पातेलं जन्मभरासाठी काळं झालं. मंगळवारचा तिसरा मात्र जमला. साखरेच्या पाकात लिंबू पिळून, शिजवलेला कॉर्नफ्लॉर घालून काकू सव्वा तास ढवळत उभी होती. खांदा भरून आला तरी तिने कुणाला हात लावू दिला नाही. शेवटी मिश्रण कडा सोडून गोळा झालं, तेव्हा तिने गुलाबपाणी घातलं, ताटात ओतलं, निवलं न निवलं तोच वड्या पाडल्या, पिठीसाखरेत घोळवल्या आणि घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात भरल्या. अठ्ठेचाळीस तुकडे, पांढरेशुभ्र.

बुधवारी सकाळी डबा उघडला, तर साखर गायब! अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस तुकडे उघडेवाघडे, ओले, एकमेकांना बिलगलेले.

"अगं बाई," काकू म्हणाली, "कुणीतरी चाटून ठेवल्यासारखे दिसतायत!"

झालं. काकांनी चहाचा कप खाली ठेवला आणि भिंग मागवलं.

"तुकडे मोज," ते छकुलीला म्हणाले. "एकही कमी नाही? हा! साधा चोर तुकडा खातो. हा नुसती साखर चाटतो आणि तुकडा जागेवर ठेवतो. म्हणजे गुन्हेगार संयमी आहे, नीटनेटका आहे, आणि त्याला गोड खायची मनाई आहे."

या वर्णनात बसणारा घरात एकच माणूस होता. ते म्हणजे आजोबा, काकांचे वडील, वय शहाऐंशी. पन्नास वर्षं लाँड्री चालवून आता डॉक्टरच्या हुकमाने बिनसाखरेचा चहा पिणारे. ते खिडकीशी पेपर वाचत बसले होते.

"सगळ्यांनी रांगेत उभं राहायचं," काकांनी फर्मावलं. "जिभा बाहेर!"

"अरे, मी तुझा बाप आहे," आजोबा म्हणाले.

"कायद्यापुढे सगळे सारखे. जीभ काढा."

आजोबांनी जीभ काढली. काकांनी भिंग लावलं आणि ते एकदम दोन पावलं मागे सरले. "पांढरी!"

"ती पित्ताची गोळी आहे काका," छकुली म्हणाली. "आत्ता माझ्यासमोर चघळली त्यांनी."

"बघ! सबबही आधीच चघळून ठेवलीय."

"अठ्ठेचाळीस तुकडे चाटायला मला रविवार उजाडेल रे," आजोबा म्हणाले. "मला पेपरच दुपारपर्यंत पुरतो."

काकांनी मग जुना तराजू काढला आणि डब्याचं वजन केलं. मंगळवारी डबा भरताना त्यांनी सवयीने ते करून ठेवलं होतंच. वजन तंतोतंत तेवढंच भरलं. इथे कुठलाही शहाणा माणूस थबकला असता. साखर गेली आणि वजन तसंच? पण काकांचं डोकं अशा किरकोळ गोष्टींवर अडत नाही.

"अफलातून!" ते म्हणाले. "जितकी साखर चाटली, तितकीच लाळ मागे ठेवली! ग्रॅमला ग्रॅम! हा माणूस वजनमापातला जाणकार आहे."

"मग तुम्हीच," काकू म्हणाली.

"मी तपास-अधिकारी आहे. मला वगळायचं असतं."

काकूने तुकडे पुसले आणि पुन्हा साखरेत घोळवले. काकांनी डब्याच्या झाकणाला चारही बाजूंनी चिकटपट्टी लावली, वरून तार आवळली आणि चिमट्याने शिशाचं सील दाबलं. किती दिवसांनी तो कट्ट आवाज घरात घुमला. काकांच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी राहिलं. "आता यात वारासुद्धा शिरणार नाही," ते म्हणाले. हे मात्र त्यांचं आयुष्यातलं एकमेव बिनचूक विधान होतं.

गुरुवारी सील शाबूत, तार शाबूत, चिकटपट्टी शाबूत. आत साखरेचा मागमूस नाही, आणि तळाला बोटभर पाक.

काका बराच वेळ डब्यात वाकून बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "गुन्हेगार आत असू शकतो का?"

"डब्यात?" छकुलीने विचारलं.

"मी फक्त शक्यता मांडतोय."

दुपारपर्यंत त्यांनी आणखी शक्यता मांडल्या. डबा अदलाबदल झाला असावा. शिंप्याने कात्रीच्या अपमानाचा सूड घेतला असावा. शेवटी त्यांनी छकुलीकडेच बोट दाखवलं: दातांच्या दवाखान्यात काम करणारी मुलगी घरात गोड पसरवणार, दात किडवणार आणि पेशंट वाढवणार.

"मग मी साखर वाढवली असती काका. चाटून कमी कशाला करीन?"

"तेच तर! तुझ्यावर संशय येऊ नये म्हणून."

छकुलीने हात टेकले. माणूस नुसता मूर्ख असता तर तिने सोडून दिलं असतं. हा माणूस मूर्ख असून वर आपल्याकडून त्याची नोंद लिहून घेत होता, याचा तिला संताप येत होता. आणि काकू तिकडे तिसऱ्यांदा साखर चाळत होती.

या खेपेला काकांनी कमाल केली. तुकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी डब्यात, डबा मोठ्या प्रेशर कुकरात, कुकरचं रबर नीट बसवलेलं, आणि दांड्यावर दोन-दोन सीलं. शिवाय सहा तुकडे एका बशीत घालून त्यांनी कपाटावर उघडे ठेवले. "आमिष," त्यांनी सांगितलं आणि बशीभोवती पिठीसाखरेचं वर्तुळ काढलं, पाऊल उमटावं म्हणून. कपाटावर कोण पाऊल उमटवणार, हे विचारायचं छकुलीने टाळलं.

शुक्रवारी सकाळी कुकर उघडला. आत तुकडे नव्हतेच म्हणा. एक ओलागच्च गोळा होता. बशीतले सहा तुकडे कोणीही शिवलेले नव्हते. पांढरे, खुटखुटीत.

"कपाटापर्यंत हात पोचला नाही," काका म्हणाले. "गुन्हेगार बुटका आहे." मग त्यांनी खोलीत एक फेरी मारली, चपला करकरल्या, आणि ते काकूसमोर येऊन थांबले. "मला वाईट वाटतं, पण धागे जुळलेत. कुकरची माहिती कुणाला? स्वयंपाकघरात सतत कोण? बुटकं कोण? तुला शनिवारची धास्ती बसलीय. बाई नाही म्हणतील म्हणून तूच आधी माल नासवतेस. तूच चाटतेस."

काकूच्या हातातली चाळणी तशीच राहिली.

"अहो," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चिरकला, "बत्तीस वर्षांत तुम्ही मला एकदा तरी विचारलंत का, की तुला काय करावंसं वाटतं? कधी नाही. आणि आज एक गोष्ट मी माझी म्हणून करायला घेतली, तर तिला तुम्ही सील ठोकलंत आणि वर मलाच चोर ठरवलंत? उद्या अकराला मी काय नेऊ? हा लगदा?"

वहीत काय लिहायचं ते काकांनी सांगितलं नाही.

"सूनबाई," खिडकीशी बसलेले आजोबा म्हणाले, "रडू नकोस. ती बशी इकडे आण जरा."

त्यांनी बशीतला एक तुकडा बोटाने दाबून पाहिला, मग कुकरात डोकावले. "अरे शहाण्या," ते मुलाला म्हणाले, "गरम इस्त्रीचे कपडे पिशवीत कोंडले तर काय होतं?"

"काय होतं?"

"घाम येतो. तासाभरात दमट. लाँड्रीत नवा माणूस आला की मी त्याला पहिलं हेच शिकवायचो. या तुकड्यांत पाणी असतंच. उघडे ठेवले ते सुकले, कोंडले त्यांना घाम फुटला. त्या घामात साखर विरघळली. कुणी चाटलं नाही नि काही नाही. साखर डब्यातच होती, म्हणून तर वजन तेवढंच भरलं. पहिल्या दिवशी सूनबाईने कोमट असताना झाकलं, ती चूक तिची. पुढची दोन दिवसांची नासाडी तुझी. जितकं घट्ट बंद केलंस तितका पाक केलास."

काकांनी भिंग शर्टाला पुसलं.

"मी याच निष्कर्षाकडे येत होतो," ते म्हणाले. "छकुली, लिही. ‘आरोपी: वाफ. सध्या फरार.’"

छकुलीने वही मिटली आणि काकूला विचारलं, "साखर किती आहे घरात?"

तिने दवाखान्यात फोन करून सुट्टी घेतली. काकूने पदर खोचला आणि चौथ्यांदा पातेलं चढवलं. या वेळी तिने छकुलीला पाळीपाळीने ढवळू दिलं. वड्या पुरत्या निवल्यावरच कापल्या, पिठीसाखरेत कॉर्नफ्लॉर मिसळून घोळवल्या, आणि सुट्या सुट्या मांडून वर नुसतं पातळ कापड टाकलं. आजोबा खुर्ची ओढून शेजारी बसले. काका दोनदा चिमटा घेऊन आले आणि दोन्ही वेळा बापाने पेपरावरून नुसती नजर वर केली.

शनिवारी पुठ्ठ्याचं खोकं भरून काकू, काका आणि छकुली निघाले. बेकरीच्या दारात काका म्हणाले, "आत मी बोलतो. बाईंना पार्श्वभूमी समजावी लागेल. तपासाचे टप्पे..."

"तुम्ही इथेच थांबा," काकू म्हणाली. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा ती त्यांच्यापुढे दारातून आत गेली.

बेकरीवाल्या बाईंनी एक तुकडा उचलला, उलटसुलट पाहिला, दाबला आणि तोंडात टाकला. चावता चावता त्या कुठेतरी तिसरीकडेच बघत होत्या. काकू हात घट्ट बांधून, ताठ उभी होती. बाईंनी ओठावरची साखर पुसली आणि दुसरा तुकडा उचलला.

"कुणाकडे शिकलात?" त्यांनी विचारलं.

"कुणाकडे नाही. तीनदा फसले."

"बरणी पुढच्या फळीवर ठेवते," बाई म्हणाल्या आणि त्यांनी लेबलचा कागद ओढला. "नाव सांगा."

काकूने नाव सांगितलं, मग आडनाव. एकेक अक्षर स्पष्ट, सावकाश. लेखणी कागदावर सरकताना ती वाकून पाहत राहिली.

"मध्ये मिस्टरांचं नाव घालायचं ना?"

काचेपलीकडे काका पायरीवर उकिडवे बसून एका बिस्किटाच्या चुऱ्याला भिंग लावून बघत होते. काकूने एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

"नको," ती म्हणाली. "ते बाहेर आहेत, तिथेच बरे आहेत."