सुरक्षित टाका

विणलेल्या कापडात लोकर कमी आणि भोकं जास्त असतात, ही गंभीर बाब स्वतःचं मूल होईपर्यंत कुणाच्याही लक्षात येत नाही. कर्जतच्या विमलच्या लक्षात ती अडुसष्ट सालच्या थंडीत आली. ती गणित घेऊन बी.ए. झालेली. मांडीवरच्या कान्हाला पहाटेचा खोकला, आणि छाती उबेत ठेवा असं डॉक्टरांनी बजावलेलं. दुसरी एखादी आई सरळ सुया घेऊन बसली असती. विमलला प्रश्न पडला, टाक्याच्या भोकात पोराचं बोट अडकलं तर?

तिने टाक्याची आकृती काढली. वर एक कमान, कमानीला दोन तिरके पाय, आणि ते पाय शेजारच्या पायांना खालून उलट्या कमानीने जोडलेले. मग भोकाचा व्यास काढला. मग बोटाचा. (कान्हाचं सहकार्य यथातथाच होतं. शिवाय चोखलेलं बोट कोरड्यापेक्षा बारीक भरतं.) कापड ताणलं की पाय सरळ होतात आणि भोक फाकतं, हे दिसल्यावर तिला जेवण गेलं नाही. उपाय एकच होता : सुई बारीक, टाका घट्ट, ताण बंद.

महिला मंडळाच्या अध्यक्ष गौराबाई शेजारीच राहत. त्यांनी आकृती उलटीसुलटी धरून पाहिली आणि 'सुरक्षित टाका' एकमताने मंजूर करून घेतला. त्यानंतर तालुक्यात बोट अडकण्याच्या घटना शून्यावर आल्या. (आधीही शून्यच होत्या, पण तेव्हा त्या निव्वळ योगायोगाने होत्या.)

स्वेटर पुरा झाला. तो कोपऱ्यात आपला आपण उभा राहायचा. पाणी ओतून पाहिलं, गळला नाही. फक्त कान्हाच्या कपाळापाशी येऊन थांबला, तो पुढे जाईना. विमलने सगळं गणित पुन्हा तपासलं. चूक सापडली नाही, त्यामुळे धीर आणखीच सुटला.

गौराबाईंनी पाठीवरून हात फिरवला. "सोटर बराबर हाय गं. पोराचं डोकंच जरा जास्त हाय."

खालापूरच्या प्रदर्शनात स्वेटरला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी त्यावर टिचकी मारून आवाजाचंही कौतुक केलं. भाषणं लांबली, दारातून गार वारा आला, आणि मांडीवरचा कान्हा खोकून खोकून लाल झाला. विमल उठली, फीत कापायची कात्री उचलून तिने स्वेटरचा गळाच कापला.

"अगं, बक्षिसाचा हाय तो!" गौराबाई कळवळल्या.

"बक्षीस ठेवा तुम्ही मावशी. थंडी याला वाजतेय."

गळा आता डोक्यातून सहज जाणार होता. पण सुटलेलं टोक कान्हाच्या मुठीत आलं. त्याने ओढलं. एका कमानीने दुसरीचा पाय सोडला, दुसरीने तिसरीचा, अगदी आकृतीबरहुकूम, आणि पाहुणे आभार मानेपर्यंत टेबलावर नुसती लोकर उरली. विमलने तिच्यात पोराला नखशिखांत गुंडाळलं. दहाही बोटं अडकली. खोकला थांबला.

मंडळाने चौकशी करून निष्कर्ष काढला की टाका निर्दोष आहे, सबब यापुढे तालुक्यातल्या मुलांची डोकी वेळीच आवरावीत. वाचकांनी हसू नये. आपलं डोकंही कुणीतरी विणलेल्या गळ्यातून बिनतक्रार गेलेलं आहे. त्यासाठी ते किती लहान करून घेतलं, एवढंच आठवून पाहावं.