उजवीकडे बंद

लेकीच्या होणाऱ्या सासरची माणसं चार वाजता चहाला यायची होती आणि साडेतीनला मुलीचा बाप, म्हणजे प्लंबर, बैठकीच्या खोलीत पालथा पडून एका डबीला समजावत होता, "डावीकडे कमी, उजवीकडे जास्त." बायको दोनदा दारातून डोकावून गेली. तिसऱ्यांदा आली ती न्हाणीघरातल्या नळाची आठवण करून द्यायला. त्या नळाची मुंडी सहा महिने ढिली होती. दुसऱ्यांच्या घरचे नळ रात्री-अपरात्री जाऊन नीट करणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरी पाना धरायला सवड कुठली असणार?

डबी म्हणजे गिटारचं पेडल होतं. गिटारची वायर त्यात घालायची, त्यातून दुसरी वायर स्पीकरकडे न्यायची आणि पायाने खटका दाबला की सूर मोठ्या दालनात वाजल्यासारखा घुमायला लागतो. या घुमण्याचं वेड प्लंबरला जुनं होतं. अठ्ठावीस वर्षांच्या धंद्यात तो कितीतरी रिकाम्या टाक्यांत उतरला होता आणि उतरल्याबरोबर आधी दोन ओळी गाऊन घ्यायच्या, मग कामाला हात लावायचा, ही त्याची खोड होती. टाकीत स्वतःचा आवाज ऐकून त्याला स्वतःविषयी फार चांगलं वाटायचं. घरात मात्र गिटार कोरडी ठणठणीत वाजायची. होणाऱ्या जावयाने हे पेडल आणून दिलं तेव्हा प्लंबरला वाटलं, पोराने टाकीच उचलून घरी आणली.

पेडलवर तीन गोल बटणं होती. सूर किती वेळ रेंगाळावा याचं एक, तो किती खणखणीत असावा याचं दुसरं आणि मूळ वाजवण्यात घुमारा किती मिसळावा याचं तिसरं. जावयाने समजावलेलं सगळं त्याच्या डोक्यात पहिल्याच दिवशी शिरलं होतं. मनगटात काही केल्या शिरत नव्हतं. जगातली प्रत्येक तोटी, प्रत्येक कॉक, प्रत्येक व्हॉल्व्ह उजवीकडे फिरवला की बंद होतो, हे त्या मनगटाला अठ्ठावीस वर्षं ठाऊक होतं. आता ही तीन बटणं म्हणत होती की उजवीकडे वाढतं.

खरी धास्ती होणाऱ्या व्याह्यांची होती. ते रेडिओ केंद्रावर चौतीस वर्षं आवाज कमीजास्त करायची बटणं फिरवून निवृत्त झाले होते. मोठमोठ्या गवयांचे आवाज त्यांनी बोटाने वरखाली केले होते. लेक म्हणाली होती, "बाबा, वाजवलंच पाहिजे असं काही नाही. नुसत्या गप्पा मारल्या तरी चालेल."

"नळवाला आहे मी, ते काही लपवायचं नाही," प्लंबर म्हणाला होता. "पण तेवढाच नाही, एवढं त्यांना कळू दे."

पाहुणे वेळेवर आले. व्याही कमी बोलणारे निघाले, त्यामुळे प्लंबरला ते फारच मोठे वाटले. चहा आला आणि त्याने गिटार मांडीवर घेतली. सुरुवात छान झाली. व्याह्यांनी मान हलवली. विहीणबाईंनी कप खाली ठेवला. लेकीने सुटकेचा निःश्वास टाकला.

मग घुमारा जरा जास्त झाला. थोडासाच. प्लंबर वाकला आणि तिसरं बटण त्याने किंचित बंद केलं, म्हणजे अर्थातच उजवीकडे.

घुमारा वाढला. गळती वाढली की प्लंबर घाबरत नाही, आणखी घट्ट आवळतो. त्याने आवळलं. पहिलं बटणही आवळलं. आता सूर मरायलाच तयार नव्हते. एकावर एक चढून ते पडद्यामागे, कपाटाखाली, पाहुण्यांच्या कपांत घुसले. त्याने गिटार बाजूला ठेवली तरी खोली वाजतच होती. शेवटचा उपाय म्हणून त्याने स्पीकरचा मुख्य आवाजच बंद करून टाकला. पूर्ण उजवीकडे.

खिडक्यांची तावदानं थरथरली. बायकोच्या हातातला चहा व्याह्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर सांडला. खालच्या मजल्यावरच्या बाई धापा टाकत वर आल्या आणि मोठा पाइप फुटला का, पाणी भरून ठेवू का, असं विचारू लागल्या.

व्याही शांतपणे उठले. खाली वाकून त्यांनी दोन बोटांनी एकेक बटण डावीकडे नेलं. खोली गप्प झाली.

"तुम्ही उजवीकडे फिरवत होतात," ते म्हणाले.

"बंद करत होतो, साहेब," प्लंबर म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

व्याह्यांनी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि सदरा धुवायला न्हाणीघराकडे निघाले. विहीणबाई घाईने म्हणाल्या, "थांबा, मी येते. नळ मी सोडते." पण तोवर त्यांनी दार लावून घेतलं होतं.

प्लंबर खाली मान घालून वायर गुंडाळू लागला. सगळं संपलं, असंच त्याला वाटत होतं. लग्न मोडणार नव्हतं, पण जन्मभर त्या घरी तो तावदानं हलवणारा नळवाला म्हणून ओळखला जाणार होता. इतक्यात न्हाणीघरातून पाण्याचा आवाज आला. तो वाढला. मग आणखी वाढला. प्लंबरने मान वर केली. असा आवाज तेव्हाच येतो जेव्हा कोणी नळ बंद करायला म्हणून तो सोडत सुटतो.

"उजवीकडे, साहेब," तो धावत जाऊन न्हाणीघराच्या दाराबाहेरून म्हणाला. "उजवीकडे फिरवा."

दार उघडलं. व्याही डोक्यापासून पायापर्यंत भिजले होते. त्यांच्या हातात नळाची मुंडी होती आणि मागे भिंतीतून पाण्याची धार थेट समोरच्या आरशावर आदळत होती.

"चौतीस वर्षं डावीकडे नेलं की कमी होतं," ते हळूच म्हणाले. "आमच्या घरी मला नळाला हात लावायची बंदी आहे. आजवर चार तोडलेत. पोराला खरं कारण सांगितलेलं नाही."

प्लंबरने आधी कॉक बंद केला, मग तो हसायला लागला. व्याहीही हसले. दोघंही न्हाणीघरातल्या ओल्या फरशीवर टेकले आणि कितीतरी वेळ उठलेच नाहीत. "मुंडी आधीपासूनच ढिली होती, व्याहीबुवा," प्लंबर म्हणाला, आणि आपण साहेब म्हणायचं विसरलो हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

बाहेर दोन्ही विहिणींनी एकमेकींकडे पाहिलं आणि तिथल्या तिथे लग्नाची पहिली गोष्ट ठरवून टाकली: त्या दिवशी या दोघांना फिरवता येईल असं काहीही हाताशी ठेवायचं नाही.