शंभराची बाटली

शकूच्या दहा कोंबड्यांसाठी हर्षद लसीची बाटली फोडायला तयार नव्हता.

"ताई, बाटली शंभराची येते. एकदा पाण्यात मिसळली की दोन तासांत संपवायची, उरली तर फेकायची," जनावरांच्या दवाखान्यातल्या हर्षदनं फोनवर सांगितलं. "त्यात पेणचा साठा संपलाय. रोह्याहून बर्फात घालून आणायला लागेल. शंभर कोंबड्या जमवा, मी येतो."

गेल्या वर्षी मानमोडीच्या रोगानं शकूच्या चौदाच्या चौदा कोंबड्या आठवड्यात गेल्या होत्या. ह्या दहा तिनं अंडी उबवून पुन्हा उभ्या केल्या होत्या. नवरा सखा म्हणाला, "गागोद्यात शंभर मतं गोळा करनं सोपं. कोंबड्या नाय." त्याच दुपारी शकू घरोघर निघाली.

संध्याकाळपर्यंत ऐंशी झाल्या. उरलेल्या वीस एकट्या ठमाबाईच्या होत्या.

"टोचली की अंडी बंद व्हतात," ठमाबाई म्हणाली.

"टोचायची नाय, काकी. डोळ्यात एक थेंब टाकतात."

"म्हंजे आंधळ्या व्हतील."

"नाय गो काकी."

"अन् झाल्या तर?"

"तर माझ्या दहा तुला."

ठमाबाईनं कुंपणापलीकडं शकूच्या अंगणातल्या दहाही कोंबड्या एकदा नजरेखालून घातल्या. "बरं," ती म्हणाली.

बुधवारी सकाळी कुणी खुराडी उघडली नाहीत. शंभर कोंबड्या टोपल्यांखाली झाकून समाजमंदिरापुढं आणल्या. नऊला येणारा हर्षद साडेअकराला आला. निडीजवळ गाडी पंक्चर झाली होती. बर्फ वितळायला लागला तेव्हा एका रसवंतीवाल्यानं नवा बर्फ दिला, पण आधी दोन ग्लास रस प्यायला लावला.

"आता बर्फाशिवाय टिकणारी लसपण निघालीय," हर्षद घाम पुसत म्हणाला. "आपल्याकडं यायचीय अजून."

"ती येईल तवा येईल," शकू म्हणाली. "तू ही फोड."

शकू कोंबडी धरी, हर्षद थेंब टाकी आणि तीच कोंबडी दोनदा येऊ नये म्हणून सखा तिच्या पंखाला गणपतीच्या कारखान्यातून आणलेला गुलाबी रंग लावी. सत्तर कोंबड्या अशा सुरळीत झाल्या. मग शेजारच्या टोपल्यांखालच्या दोन कोंबड्यांनी एकमेकांचा आवाज ओळखला. दोघीही जुन्या वैरिणी. पहिली टोपली उलटली, तिनं दुसरी उलटवली, दुसरीनं बाकीच्या, आणि थेंब न मिळालेल्या तीस जणी वालाच्या मळ्यात, छपरांवर, एक तर हर्षदच्या गाडीखाली पसार झाल्या. हातात जेमतेम तास होता.

सगळी आळी धावली. सखा छपरावर चढला आणि त्याला उतरवायला दोन माणसं गुंतली. आपल्या वीस कोंबड्यांना नीट दिसतंय का ते तपासत बसलेली ठमाबाई अखेर पदर खोचून उठली आणि एकटीनं सात धरून आणल्या.

"माझ्या नायत," ती म्हणाली. "गुलाबी नव्हत्या म्हणून धरल्या."

शेवटचा थेंब पडला तेव्हा दहा मिनिटं उरली होती. हर्षद रिकामी बाटली उन्हात धरून बघत राहिला. "नोकरीत पहिल्यांदाच," तो हळूच म्हणाला, "काही फेकायला लागलं नाही."

पाचव्या दिवशी सकाळी ठमाबाई शकूच्या दारात येऊन उभी राहिली.

"अंडी बंद झाली का गो काकी?"

"अंडी चालू हायत. तू चल."

ठमाबाईच्या गोठ्यामागं, पेंढ्याच्या ढिगाआडून एक काळी कोंबडी डुलत बाहेर आली. महिन्यापूर्वी ती दिसेनाशी झाली, तेव्हा मुंगसानं नेली असं समजून ठमाबाईनं तिचा नाद सोडला होता. आता तिच्यामागं अकरा पिल्लं होती.

"हिला थेंब नाय मिळाला," ठमाबाई म्हणाली. "तुझ्या डॉक्टरला फोन लाव."

शकूनं फोन लावला. पलीकडं हर्षद मोजायला लागला.

"अकरा अन् एक बारा," तो म्हणाला. "म्हणजे ताई, अठ्ठ्याऐंशी कमी पडतायत."

शकूनं आकडा सांगितला. ठमाबाईनं बोटं मोजली.

"खांब गावात माझी लेक दिलीय," ती म्हणाली. "तिच्याकडं चाळीस हायत. बाकीच्या तू बघ."