कपाटातला खडखड्या

माझ्यासारखा गुप्तहेर शतकातून एकदाच जन्माला येतो, असं मी म्हणतो. बायको म्हणते, तेवढंही पुष्कळ झालं. ती माझी सहायक आहे, म्हणजे स्कूटर तीच चालवते.

अशील होता गाण्यांचा शौकीन, सासरे घरी पाहुणे आलेला एक जावई. त्याचे रेकॉर्ड प्लेअर आणि स्पीकर एका लाकडी कपाटावर होते आणि कालपासून गाण्यात ढोल वाजला की कपाटातून खडखड यायची. त्याला निमित्तच हवं होतं. "हादरे शोषणारं लोखंडी स्टँड मागवलंय. संध्याकाळी ते आलं की हे कपाट भंगारात."

"माझ्या लग्नासाठी बाबांनी स्वतःच्या हातांनी बनवलंय ते!" त्याची बायको कडाडली. बाबा, हाडाचे सुतार, कोपऱ्यात तोंड घट्ट मिटून बसले होते. कालपासून ते अवाक्षर बोलले नव्हते.

मी कपाटाखाली रबरी चकत्या सरकवल्या. खडखड! वर दगडी फरशी ठेवली. खडखड! फरशीवर वजन म्हणून बायकोला बसवणार होतो, पण तिने माझ्याकडे असं काही पाहिलं की तो प्रयोग मी रद्द केला.

"वाळवी!" मी जाहीर केलं.

"वाळवी ठेका धरते?" बायकोने विचारलं.

"दर्दी असली तर धरते."

मग माझी नजर बाबांवर गेली. "बोला! खिळे मारायला विसरलात ना?" बिचाऱ्यांचे डोळे भरून आले, पण त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली. "मौन म्हणजेच कबुली!" मी गरजलो. जावयाने लगेच टेम्पोवाल्याला फोन लावला.

लेक डोळे पुसत कपाटाचे खण रिकामे करू लागली. सगळ्यात खालच्या खणात स्टीलची वाटी निघाली आणि वाटीत कवळी.

"अहो बाबा! ही इथे?"

बाबा लाजून लाल झाले. काल दुपारी झोपताना ठेवली आणि कुठे ठेवली तेच विसरले. जावयासमोर बोळकं उघडणार तरी कसं? त्यांनी कवळी धुतली, बसवली आणि कपाटावरून मायेने हात फिरवला.

"कपाटात काही खोट नाही, जावईबापू," ते म्हणाले. "तुमचं गाणंच भिकार आहे."

लेक हसून हसून खाली बसली. जावयाने ढोलाचं गाणं पुन्हा लावलं, तर खडखड गायब! त्याने मुकाट्याने टेम्पो रद्द केला. स्टँडवर आता कुंड्या ठेवायचं ठरलंय.

प्रकरण मीच सोडवलं, हे उघड आहे. पुरावा जप्त करणार होतो, पण तो बाबांबरोबर जेवायला बसला होता.